क्षेत्रकार्याला निघताय? छापील प्रश्नावली पिशवीच्या तळाशी ठेवा

मानवशास्त्र घेऊन बी.ए. किंवा बी.एस्सी. करणाऱ्यांची पहिली दोन वर्षं तशी बरी जातात. नातेव्यवस्थेच्या व्याख्या पाठ होतात, कवटीच्या आकृत्या जर्नलमध्ये उतरतात, यूपीएससीवाल्यांच्या नोट्स वाचून लेखी पेपरही निघतो. गाडी अडते ती क्षेत्रकार्यापाशी. दहा-पंधरा दिवस एखाद्या वस्तीवर राहायचं, माहिती आणायची, अहवाल लिहायचा आणि तोंडी परीक्षेत तो निभावून न्यायचा. गेली काही वर्षं ज्युनियर मुलं मला कच्चे अहवाल वाचायला पाठवतात. त्यातल्या चुका जवळपास त्याच त्याच असतात, आणि त्या आळसामुळे होत नाहीत. कामांचा क्रम उलटा लागलेला असतो. पहिल्याच दिवशी छापील फॉर्म हातात घेऊन दारोदार फिरणं सुरू होतं. तो फॉर्म खरं तर सगळ्यात शेवटी बाहेर काढायचा असतो.

मी उदाहरणं रायगड जिल्ह्यातल्या कातकरी या आदिवासी जमातीच्या वाडीची देणार आहे, कारण माझं स्वतःचं काम तिथं झालं. तुम्ही मुंबईतल्या कोळीवाड्यात जा की पुण्यातल्या एखाद्या वस्तीत, क्रम बदलत नाही.

१. निघण्याआधीचे सहा आठवडे

पहिलं काम कॅलेंडर बघण्याचं. कॉलेजला सोयीची तारीख म्हणजे साधारणपणे डिसेंबर-जानेवारी. कातकरी वाडीसाठी हीच वेळ सर्वांत वाईट. दिवाळी झाली की उचल (मजुरीचे आगाऊ पैसे) घेतलेली कुटुंबं पोराबाळांसकट वीटभट्ट्यांवर निघून जातात आणि उन्हाळा सरेपर्यंत परतत नाहीत. तुम्ही पोचता तेव्हा निम्म्या घरांना कुलूप, नाहीतर दारात काट्याची फांदी आडवी. मागे म्हातारी माणसं आणि शाळेसाठी ठेवलेली दोनचार पोरं. मग अहवालात लिहिलं जातं, ‘वस्तीत वृद्धांचे प्रमाण जास्त आढळले.’ वृद्धांचं प्रमाण जास्त नसतं, तरुण भट्टीवर असतात. भातलावणीच्या आठवड्यातही जाऊ नका. माणसं भेटतील, पण चिखलात वाकलेली.

तारीख बदलणं तुमच्या हातात नसेल तर विषय बदला. वाडी रिकामी असण्याचाच अभ्यास करा: मागे कोण राहतं, शेळ्या कोण बघतं, शाळेच्या हजेरीपटावर काय दिसतं.

दुसरं काम विषय लहान करण्याचं. ‘कातकरी जमातीचा सामाजिक, आर्थिक व सांस्कृतिक अभ्यास’ हा बारा दिवसांत उरकणारा विषय नाही. ‘वाडीतल्या सुना कुठल्या वाड्यांमधून येतात’ हा उरकतो. ‘पावसाळ्याच्या चार महिन्यांत ताटात काय असतं’ हाही उरकतो. एका वाक्यात प्रश्न मांडता येईना, तर अजून विषय ठरलेला नाही असं समजा.

तिसरं काम कागद वाचण्याचं. जिल्ह्याची जनगणना पुस्तिका काढा. २०२१ ची जनगणना लांबल्यामुळे गावनिहाय आकडे २०११ चेच मिळतात, हे अहवालात स्पष्ट लिहा. शिवाय हे आकडे महसुली गावाचे असतात. वाडी किंवा पाडा त्या गावाच्या पोटात दडलेला असतो. गावाची लोकसंख्या वाडीच्या नावावर खपवणं ही इतकी सर्रास चूक आहे की परीक्षक पहिलं बोट तिथंच ठेवतात. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या ग्रंथालयात एक दिवस घालवा. जमातीवर आधी काय लिहिलं गेलंय ते समजेल आणि तेच पुन्हा शोधत बसण्याचा वेळ वाचेल.

चौथं, परवानगी. विभागाचं पत्र मराठीत घ्या. इंग्रजी पत्र ग्रामपंचायतीत कोणी वाचत नाही, नुसतं बाजूला ठेवतात. एक प्रत ग्रामपंचायतीला, एक पोलीस पाटलांना, आणि आश्रमशाळेत उतरणार असाल तर एक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला. प्रत्येक ठिकाणी आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. वाडीचा स्वतःचा कारभारी कोण आहे तेही विचारून ठेवा, कारण सरपंचांची परवानगी म्हणजे वाडीची परवानगी नव्हे. सरपंच बऱ्याचदा शेजारच्या मोठ्या गावचे असतात आणि त्यांच्या गाडीतून वाडीत उतरलात तर पुढचे चार दिवस तुम्ही ‘त्यांची माणसं’ असता.

तपासा: विषय एका वाक्यात सांगता येतो का? आवक शिक्का असलेल्या प्रती फाइलला लागल्या का? त्या महिन्यात वाडीत माणसं असतील हे कोणाकडून तरी फोनवर खात्रीनं कळलंय का?

२. पिशवीत काय

फार काही नाही. खिशात मावेल अशी छोटी वही, रात्री लिहायला जाड वही, पेन्सिली (पावसात शाई पसरते), मोजपट्टी, टॉर्च, पॉवर बँक, स्वतःची औषधं. रेकॉर्डर मोबाइलमध्ये असतोच. खाऊ वाटायला नेऊ नका. पहिल्या दिवशी चॉकलेटं वाटली की उरलेले अकरा दिवस तुम्ही चॉकलेटवाले दादा.

निघण्यापूर्वी मार्गदर्शकांसोबत बसून एक अवघड गोष्ट ठरवा: अल्पवयीन मुलीचं लग्न ठरल्याचं कानावर आलं, किंवा एखादं मूल मार खाताना दिसलं, तर काय करायचं. ‘माहिती गुप्त ठेवू’ हे आश्वासन तिथं लागू होत नाही. त्याच दिवशी मार्गदर्शकांना फोन करायचा. चाइल्डलाइनचा १०९८ क्रमांक प्रत्येकाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला असू द्या.

३. पहिले दोन दिवस: पाय आणि नकाशा

वही खिशातच ठेवा आणि चाला. वाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला. पाणवठा कुठं, सार्वजनिक नळाला पाणी किती वाजता येतं, पोरं कुठं खेळतात, पुरुष कुठं टेकतात, देव कुठं आहे, रस्ता कोणाच्या शेतातून जातो. दुसऱ्या दिवशी हे सगळं कागदावर काढा. मोजमाप पावलांनी चालेल. प्रत्येक घराला क्रमांक द्या, तोच क्रमांक पुढे घरयादीत, वंशावळीत आणि टिपणांत वापरायचा आहे.

नकाशा काढायला अंगणात बसलात की पोरं गोळा होतात आणि चुका दाखवायला लागतात. ‘तिथं झाड नाय, मोरी हाय.’ पाठोपाठ त्यांच्या आया येतात. ओळख वाढते ती अशी. तुम्ही एकही प्रश्न न विचारता लोकच तुम्हाला सांगत असतात, आणि चूक दुरुस्त करताना माणूस शक्यतो खरं बोलतो.

सावधान: घर आणि जागा कोणाच्या नावावर आहे हा प्रश्न या दोन दिवसांत तोंडातून काढू नका. रायगडमधल्या अनेक कातकरी वाड्या खाजगी मालकीच्या जमिनीवर वसल्या आहेत. मोजपट्टी घेऊन आलेला परका माणूस जागेबद्दल विचारू लागला की पुढचा सगळा संवाद संपतो.

४. घरयादी: आधी चूल मोजा

या टप्प्यावर मी स्वतः तोंडघशी पडलोय, म्हणून सविस्तर सांगतो.

आमच्या गटानं पहिल्याच सकाळी छापील फॉर्म काढले. कुटुंबप्रमुखाचं नाव, सदस्य, शिक्षण, उत्पन्न. तिसऱ्या घरापर्यंत वाडीभर बातमी पसरली: घरकुलाचा सर्व्हे आलाय. पुढच्या दारांत माणसं रेशनकार्ड आणि आधारच्या झेरॉक्स घेऊन उभीच. ‘हा माझा मोठा, तो येगळा राहतो. हा धाकटा, तो पण येगळा.’ आम्ही खुशीत लिहीत गेलो. संध्याकाळी बेरीज केली तर चाळीसेक घरांच्या वाडीत साठच्या वर कुटुंबं निघाली. कोणी खोटारडं नव्हतं. घरकुल कुटुंबाला एक मिळतं, मग शहाणा माणूस कुटुंबं वाढवूनच सांगणार.

चौथ्या दिवशी आमच्या मार्गदर्शक मॅडम आल्या. त्यांनी फॉर्म बघितले, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आम्हाला उठवून वाडीमागच्या टेपावर नेलं आणि म्हणाल्या, ‘धूर मोजा.’ थंडीत छपरांतून वर येणारे धुराचे पट्टे आम्ही दोनदा मोजले. साठ सोडा, चाळीसही भरले नाहीत. बंद घरांत कोण राहत होतं आणि एकाच चुलीवर किती जोडपी जेवत होती, त्याचा उलगडा पुढचे दोन दिवस होत राहिला.

भारतीय जनगणनेतही कुटुंब म्हणजे सामान्यतः एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं. मराठीत त्याला चूल हा शब्द तयारच आहे. ‘कुटुंब किती’ असं विचारू नका. ‘चूल कधी वेगळी झाली?’ असं विचारा. भांडण, लग्न, सासूचा मृत्यू, नवी सून, सगळं त्या एका उत्तरात येतं. तरीही चूल म्हणजे छप्पर नव्हे हे लक्षात ठेवा. एका छपराखाली दोन चुली असतात, आणि दोन छपरांची माणसं एका चुलीवर जेवतात. गॅस आलेल्या वस्तीत धूर मोजून भागणार नाही. तिथं ‘पीठ एका डब्यातलं का?’ हा प्रश्न चालतो.

कोणाला मोजायचं हेही आधीच ठरवा. भट्टीवर गेलेला मुलगा घरातला का? माझा नियम असा: तो परतल्यावर ज्या चुलीवर जेवणार, तिथं त्याचं नाव लिहायचं, आणि शेजारच्या रकान्यात ‘सध्या बाहेर, केव्हापासून, कुठे’. तुमचा नियम वेगळा असला तरी हरकत नाही, पण तो अहवालात लिहा आणि सगळ्या घरांना सारखाच लावा.

वय विचारताना ‘असंल चाळीस’ या उत्तरावर थांबू नका. घटनांची यादी सोबत ठेवा. डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, २६ जुलै २००५ चा पूर, जून २०२० चं निसर्ग वादळ. ‘पुराच्या वेळी हा रांगत होता का चालत होता?’ एवढ्यानं वर्षभराच्या अंतरानं वय सापडतं. त्यात वाडीच्या स्वतःच्या घटना मिसळा: शाळा कधी झाली, वीज कधी आली.

उत्पन्नाचा महिन्याचा आकडा विचारणं सोडून द्या. रोजंदारीवरच्या माणसाला महिना नसतो. ‘गेल्या आठ दिवसांत कोण कुठं कामाला गेलं, रोज किती मिळाला, किती दिवस भरले?’ असं विचारलंत तर जोडता येईल असं काहीतरी हाती लागतं.

तपासा: नकाशावरचे घरक्रमांक आणि घरयादीतले क्रमांक जुळतात का? बंद घरांची नोंद झाली का? चुलींची संख्या दोन वेगळ्या माणसांकडून पडताळली का?

५. वंशावळ: फक्त पाच शब्द वापरा

वंशावळीच्या आकृतीत पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला जोडरेघ, भावंडांना वरून आडवी रेघ, गेलेल्या माणसाच्या खुणेवर तिरकी रेघ. हे सगळ्यांना येतं. चूक होते ती प्रश्न विचारण्यात.

ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टॉरेस सामुद्रधुनीच्या १८९८ च्या मोहिमेत ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी वंशावळी गोळा करताना बाप, आई, मूल, नवरा, बायको एवढेच शब्द वापरायचं पथ्य पाळलं. आपल्याला ते दुपटीनं पाळावं लागतं, कारण मराठी नात्यांचे शब्द फसवे आहेत. जुन्या वळणाची सून सासूला आत्याबाई म्हणते आणि सासऱ्याला मामंजी. तिनं ‘आमच्या आत्याबाई’ म्हटलं आणि तुम्ही सरळ बापाची बहीण म्हणून वर्तुळ काढलंत, तर अख्खी आकृती वाकडी. ‘भाऊ’ हा शब्द तर कोणालाही लागतो, सख्खा, चुलत, मावस, मामे, आते, शिवाय गावातला मानलेला. म्हणून दरवेळी खाली उतरायचं: ‘त्याची आई कोण? ती आणि तुमची आई एका आईच्या पोटच्या का?’ वेळ लागतो. लागू द्या.

आतून बाहेर जा. समोरच्या माणसापासून सुरुवात, मग त्याचे आईबाप, भावंडं, त्यांची लग्नं, मुलं, आणि मग वरची पिढी. एका बैठकीत तीन पिढ्यांवर जाऊ नका, माणूस कंटाळतो आणि हो ला हो करायला लागतो.

यात तीन गोष्टी हमखास सुटतात.

पहिली, दिलेल्या मुली. पुरुषाला भावंडं विचारली की तो भाऊच मोजतो. ‘लेकी कुठं दिल्या? सुना कुठून आणल्या?’ हे प्रत्येक चुलीला विचारा. ही दोन उत्तरं नकाशावर मांडली की वाडीच्या सोयरिकीचं जाळं दिसायला लागतं, आणि अनेकदा तोच अहवालाचा सर्वांत चांगला भाग ठरतो.

दुसरी, गेलेली मुलं. ‘मुलं किती?’ याचं उत्तर हयात मुलांचंच मिळतं. ‘किती झाली, किती राहिली?’ हा प्रश्न मुलींनी विचारावा, बाईशी एकटीशी, आणि ओळख झाल्यावर. बाई गप्प झाली तर तिथंच थांबा. रकाना रिकामा राहिला तर राहिला.

तिसरी, नवऱ्याचं नाव. वयस्कर बायका अजूनही ते सहज घेत नाहीत. नाव घ्यायचं ते उखाण्यात. ‘नवऱ्याचं नाव काय?’ म्हटल्यावर ती हसते, पदर तोंडाला लावते, आणि विद्यार्थी लिहितो ‘माहिती नाही’. शेजारी बसलेल्या नातीला विचारा, ती ठणठणीत सांगेल.

आणखी एक. ‘तुमच्यात मामेबहिणीशी लग्न चालतं का?’ असा थेट प्रश्न विचारून उत्तराला निष्कर्ष मानू नका. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी मराठ्यांमध्ये मामेबहिणीशी लग्नाला असलेली पसंती नोंदवली आहे, म्हणून तीच तुमच्या वाडीत सापडेल असं धरून चालू नका. लोक नियम सांगतात, वंशावळ घडलेलं दाखवते. दोन्ही लिहा. दोघांत फरक निघाला तर तुमचं नशीब चांगलं, विश्लेषणाचं प्रकरण आपोआप उभं राहिलं.

६. आता मुलाखत, आणि त्याआधी संमती

सहावा-सातवा दिवस उजाडला, नकाशा आणि वंशावळी झाल्या, पोरं नावानं हाक मारायला लागली, की प्रश्नावली काढा. मात्र आधी ती रात्री बसून दुरुस्त करा. निम्मे प्रश्न आता निरर्थक वाटतील आणि नवे सुचलेले असतील. घरून आणलेली प्रश्नावली जशीच्या तशी भरून आणली असेल, तर मधले सहा दिवस तुम्ही काहीच बघितलं नाही असा त्याचा अर्थ.

संमती म्हणजे फॉर्मवर अंगठा घेणं नव्हे. ज्यांच्या आजोबांची जमीन अंगठ्यावर गेली, त्यांच्यापुढे शाईचं पॅड ठेवू नका. तोंडी संमती चालेल का हे विभागाला आधीच विचारा आणि चालत असेल तर ती रेकॉर्ड करा. बोलायचं एवढंच:

‘आम्ही कॉलेजातून आलोय, सरकारकडून नाही. यातून घरकुल, रेशन, दाखला असलं काही मिळणार नाही. तुमचं खरं नाव आम्ही छापणार नाही. नाही म्हणालात तरी राग नाही, मधेच थांबलात तरी चालेल.’

अठरा वर्षांखालच्या मुलांशी बोलायचं तर पालकांची आणि मुलाचीही संमती. फोटोचं वेगळं विचारा.

मुलाखतीत ‘का’ कमी विचारा, ‘कसं’ आणि ‘मागच्या वेळी’ जास्त. ‘तुम्ही या देवाला का मानता?’ याला उत्तर ‘पहिल्यापासून’. ‘मागच्या वेळी कोंबडं कोणी कापलं, कोणी शिजवलं, कोणाला आधी वाढलं?’ याला उत्तर अर्धा तास. शांतता झाली तर लगेच पुढचा प्रश्न फेकू नका. वीस आकडे मोजा, मनात. त्यानंतर येतं ते बहुतेक वेळा कामाचं असतं.

सावधान: हातभट्टी, जंगलातली शिकार, उचलीचा हिशेब आणि मुकादमाशी वाद, हे विषय लोक स्वतःहून काढतात. टिपणांत नावांऐवजी क्रमांक लिहा आणि कोणता क्रमांक कोणाचा ती किल्ली वेगळ्या वहीत ठेवा. तुमची वही उद्या कोणाच्या हाती लागेल, सांगता येत नाही.

७. रोज रात्री, झोपण्याआधी

टिपणं रोजच्या रोज लिहायची, हे सगळे शिक्षक सांगतात आणि कोणी ऐकत नाही. दिवसभर छोट्या वहीत शब्द टिपा, नुसते शब्द: ‘नळ, भांडण, निळी घागर, म्हातारी म्हणाली दोन हंडे’. रात्री जाड वहीत त्याचं पूर्ण वर्णन करा. एका तासाच्या गप्पांना लिहायला दोन तास धरा. उद्या लिहू म्हटलंत तर उद्या फक्त ‘निळी घागर’ उरते.

प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ, जागा, हजर कोण. पानाचे दोन भाग करा, डावीकडे दिसलं-ऐकलं, उजवीकडे तुम्हाला काय वाटलं. हे दोन एकत्र झाले की महिन्याभरानं वेगळे करता येत नाहीत.

चुकीची नोंद: ‘क्र. १४ चं घर फार गरीब आहे, पण लोक समाधानी आहेत.’

बरी नोंद: ‘क्र. १४. कुडाच्या भिंती, वर कौलं, मागच्या बाजूला निळी ताडपत्री. चुलीपाशी दोन टोप, एक तवा, स्टीलची चार ताटं. आम्ही पाच जण गेलो तेव्हा बाईनं शेजारून कप मागवले. चहा कोरा. दूध नाही असं ती तीनदा म्हणाली.’

दुसऱ्या नोंदीत ‘गरीब’ हा शब्द नाही, आणि परीक्षकाला विचारायला काही उरत नाही. लोकांचे शब्द त्यांच्याच बोलीत ठेवा, प्रमाण मराठीत सारवू नका.

प्रती काढा आणि वेगळ्या जागी ठेवा. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये म्हैसूरकडच्या रामपुरा गावात काम केलं आणि पुढची अठरा वर्षं त्या टिपणांवर संस्कार केले, म्हणजे ती नीट लावून लिहून काढली. २४ एप्रिल १९७० रोजी अमेरिकेत स्टॅनफर्डला त्यांच्या अभ्यासिकेला आग लावली गेली, आणि संस्कारित टिपणांच्या तिन्ही प्रती तिथंच होत्या. त्यांनी पुढे आठवणीतून पुस्तक उभं केलं. तुमच्या-माझ्या आठवणीतून ते होणार नाही. रोज रात्री पानांचे फोटो काढा आणि रेंज मिळेल तिथून वाडीबाहेरच्या एकाला पाठवा, घरक्रमांकांची किल्ली सोडून.

८. मोजमापं घ्यायची असतील तर

जैविक मानवशास्त्राचा भाग असेल तरच हे वाचा. उंची, वजन, डोक्याची लांबी-रुंदी वगैरे. कॉलेजात किमान वीस मित्रांवर सराव केल्याशिवाय उपकरण वाडीत नेऊ नका. उंची घेताना अनवाणी, टाचा जुळलेल्या, आणि डोकं फ्रँकफर्ट प्रतलात, म्हणजे डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या छिद्रापुढचा बिंदू एका आडव्या रेषेत. अंबाडा किंवा गजरा असेल तर वर्टेक्सला (डोक्याच्या सर्वांत वरच्या बिंदूला) उपकरणाची कांडी टेकत नाही आणि उंची दोन सेंटिमीटरनं वाढते. केस सोडायला सांगावं लागतं, म्हणून बायकांची मापं मुलींनीच घ्यावीत. दिवसभरात माणूस सेंटिमीटरभर खचतो, त्यामुळे सगळ्यांची उंची एकाच वेळेला घ्या, शक्यतो सकाळी. प्रत्येक माप दोनदा, आणि दुसऱ्या वेळी पहिला आकडा झाकून. रक्ताचे नमुने पदवीच्या कामात घेऊ नका. त्याला नैतिक समितीची मंजुरी लागते.

९. परत आल्यावर

आठवड्याच्या आत सगळी टिपणं पुन्हा वाचा आणि समासात खुणा करा: पाणी, सोयरिक, भट्टी, आजार. एकाच खुणेची पानं एकत्र करा. प्रकरणं त्यांतून येतात, अनुक्रमणिका आधी आखून नाही.

पहिलं प्रकरण गॅझेटियरमधून उतरवण्याचा मोह टाळा. जिल्ह्याचं पर्जन्यमान आणि मातीचे प्रकार यांचा तुमच्या प्रश्नाशी संबंध नसेल तर त्यांना एक परिच्छेद पुरे. टक्केवारी जपून वापरा. बारापैकी आठ बायकांनी सांगितलं तर ‘बारापैकी आठ’ लिहा. ‘६६.६७ टक्के’ लिहिलं की हसू येतं. काय समजलं नाही, कोणती घरं बंद होती, कोणी बोलायला नकार दिला, हे ‘पद्धत’ या प्रकरणात न लपवता मांडा. यामुळे गुण कापले गेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. वाडीचं नाव बदलायचं का, हे मार्गदर्शकांशी ठरवा. बदलणार असाल तर नकाशातल्या नदीचं नाव आणि फोटोतली शाळेची पाटीही झाका, नाहीतर बदलून उपयोग काय.

तोंडी परीक्षेत प्रश्न फार विद्वत्तेचे नसतात. ‘हे तुम्हाला कोणी सांगितलं?’ ‘पाहिलंत की ऐकलंत?’ ‘घर क्र. २२ वंशावळीत कुठं आहे?’ क्रमांक सुरुवातीपासून जुळवले असतील तर या प्रश्नांना दोन मिनिटं लागतात. जुळवले नसतील तर पानं उलटण्यातच वेळ जातो आणि परीक्षक घड्याळ बघायला लागतात.

शेवटचं काम गुणपत्रिकेत येत नाही. काढलेल्या फोटोंचे प्रिंट काढून वाडीत नेऊन द्या, मोबाइलवर पाठवतो म्हणू नका. वाडीचा नकाशा मोठ्या कागदावर स्वच्छ काढून न्या, पण तो कोणाकडे ठेवायचा हे वाडीला विचारा, कारण त्यावर घरांची जागा आहे. आमच्या वेळी तो अंगणवाडीच्या भिंतीवर लागला. पुढच्या वर्षी ज्युनियर मुलं गेली तेव्हा त्यावर दोन नवी घरं कोणीतरी खडूनं काढून ठेवली होती.